मुरलीकांत पेटकर : कर्तृत्व आणि लोकमान्यता

क्रीडापटूची कीर्ती त्याच्या विक्रमामागोमाग येते, असे सामान्यतः मानले जाते. मुरलीकांत पेटकर यांचे चरित्र पाहता हे गृहीत तपासून घेणे अगत्याचे ठरते.

सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूर येथे जन्मलेले पेटकर भारतीय सैन्यात दाखल झाले व तेथे मुष्टियोद्धे म्हणून पुढे आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचारांचा भाग म्हणून हाती आलेले पोहणे हेच पुढे त्यांचे क्षेत्र बनले. १९७२ च्या पॅरालिम्पिक स्पर्धा जर्मनीतील हायडेलबर्ग येथे भरल्या. तेथे ५० मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनी सुवर्णपदक मिळविले. भालाफेकीत व चाकांच्या खुर्चीवरील अडथळ्यांच्या शर्यतीतही ते उतरले होते. भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक सुवर्णपदक २००८ मध्ये लाभले, हे ध्यानी घेता या यशाचे मोल स्पष्ट होते.

तथापि या यशाला लोकमान्यता लाभली नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस म्युनिक ऑलिम्पिकला प्रारंभ झाला आणि जगाचे लक्ष तिकडे वळले. परंतु खरे कारण याहून खोल आहे. कीर्ती टिकण्यास परंपरा लागते. १९७६ व १९८० च्या पॅरालिम्पिकमध्ये भारताचा सहभागच नव्हता. या क्रीडांची राष्ट्रीय संघटना १९९० च्या दशकात उभी राहिली. पेटकरांचा विक्रम सांगणारी संस्था नव्हती आणि तो पुढे नेणारा वारसही नव्हता.

ही परंपरा पुढे जुळली ती मुख्यतः भालाफेकीतून. १९८४ मध्ये भीमराव केसरकर यांनी या प्रकारात रौप्यपदक मिळविले. २००४ मध्ये अथेन्स येथे राजस्थानचे देवेंद्र झाझरिया यांनी ६२.१५ मीटर भाला फेकून जागतिक विक्रमासह सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधील भारताचे हे दुसरे सुवर्णपदक. दोहोंमध्ये ३२ वर्षांचे अंतर. सन्मानांचा क्रम मात्र उलटा लागला. झाझरियांना अर्जुन पुरस्कार २००४ मध्ये व पद्मश्री २०१२ मध्ये मिळाली. पेटकरांना पद्मश्री २०१८ मध्ये, तर २०२४ चा जीवनगौरव अर्जुन पुरस्कार २०२५ च्या जानेवारीत प्रदान झाला.

२०२१ मध्ये टोकियो येथे भारताने १९ पॅरालिम्पिक पदके मिळविली, तेव्हा या वाटेवरील पहिल्या पथिकाची आठवण नव्याने जागी झाली. २०२४ मधील ‘चंदू चॅम्पियन’ या चित्रपटाने तर त्यांचे नाव घरोघरी पोहोचविले. विक्रम तोच होता. तो समजून घेणारा समाज मात्र बावन्न वर्षांनी तयार झाला. यावरून असे म्हणता येते की, विक्रम व्यक्ती घडविते, परंतु त्याची स्मृती संस्थांना व समाजाला घडवावी लागते. पेटकरांच्या बाबतीत ती त्यांच्या हयातीत घडली, हे त्यांचे भाग्य. प्रत्येक विस्मृत क्रीडापटूच्या वाट्याला ते येतेच असे नाही.