किरणोत्सारी मूलद्रव्याचा नमुना : खरा की खोटा, हे कसे ठरते?

किरणोत्सारी मूलद्रव्य म्हणून विकत घेतलेला किंवा विक्रीस आलेला पदार्थ खरोखर तेच मूलद्रव्य आहे काय, हे डोळ्यांनी पाहून ठरवता येत नाही. युरेनियम धातूचा तुकडा राखाडी, जड आणि निस्तेज दिसतो. टंगस्टनचा तुकडाही तसाच दिसतो. किरणोत्साराला रंग, गंध वा चव नसते. त्यामुळे नमुन्याची सत्यता तीनच गोष्टींवर ठरते : त्याच्यासोबतची अधिकृत कागदपत्रे, भौतिकशास्त्राच्या नियमांशी जुळणारे गणित आणि सक्षम प्रयोगशाळेतील मोजणी. यांपैकी पहिल्या दोन कसोट्यांसाठी नमुन्याजवळ जाण्याची गरज नसते. देशात उघडकीस आलेल्या प्रकरणांपैकी अनेक दावे याच दोन कसोट्यांवर टिकले नसते.

मुंबई आणि बोकारो : दोन जप्त्या, दोन निष्कर्ष

मे २०२१ मध्ये महाराष्ट्र पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने मुंबईत दोघांना अटक करून ७ किलो १०० ग्रॅम पदार्थ जप्त केल्याचे जाहीर केले. तो युरेनियम म्हणून विकण्याचा प्रयत्न सुरू होता आणि त्याची किंमत सुमारे २१ कोटी रुपये सांगण्यात आली होती. नमुना तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राकडे पाठवण्यात आला. तो नैसर्गिक युरेनियम असल्याचा निष्कर्ष केंद्राने दिला. त्या वेळी लागू असलेल्या अणुऊर्जा अधिनियम, १९६२ अन्वये गुन्हा नोंदवण्यात आला आणि पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला.

त्यानंतर महिनाभरातच झारखंडमधील बोकारो येथे पोलिसांनी सहा किलोंहून अधिक पदार्थ युरेनियम समजून जप्त केला. यावेळी निष्कर्ष नेमका उलट निघाला. प्रयोगशाळेतील विश्लेषणानंतर तो पदार्थ युरेनियम नाही व किरणोत्सारीही नाही, असे अणुऊर्जा विभागाने स्पष्ट केल्याची माहिती परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांनी जून २०२१ मध्ये दिली.

दोन्ही ठिकाणी व्यवहाराचे स्वरूप सारखेच होते आणि दोन्ही ठिकाणी निर्णय प्रयोगशाळेनेच दिला. मुंबईतील पदार्थ खरा निघाला म्हणून तो बाळगणाऱ्यांचा लाभ झाला नाही. उलट तो खरा निघाल्यामुळेच गुन्हा अधिक गंभीर ठरला. चोरट्या बाजारात नमुना खोटा असेल तर पैसे जातात, आणि खरा असेल तर कायदा व आरोग्य या दोन्ही बाजूंनी संकट ओढवते.

तंजावर परिसर आणि इरिडियमची अफवा

अशा फसवणुकीचा एक प्रकार तमिळनाडूत अनेक वर्षांपासून प्रचलित आहे. देवळांच्या शिखरांवरील तांब्याच्या कलशांवर वीज कोसळली की त्यांचे इरिडियम बनते, असे कलश तांदळाचे दाणे ओढून घेतात आणि परदेशी संस्था त्यांना कोट्यवधी रुपये मोजतात, अशी ही अफवा आहे. या समजुतीपोटी देवळांतील कलश चोरीस गेल्याच्या घटनाही घडल्या आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये तमिळनाडूच्या गुन्हे अन्वेषण विभागाने इरिडियमच्या नावाने गुंतवणूक गोळा करणाऱ्या टोळीविरुद्ध राज्यभर धाडी टाकून अनेकांना अटक केली होती.

तंजावर, कुंभकोणम, ओरत्तनाडु, पट्टुकोट्टै हा कावेरीच्या खोऱ्यातील पट्टा देवळांसाठी प्रसिद्ध आहे. मराठी वाचकांना ओरत्तनाडुची आणखी एक ओळख आहे. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे यांनी तेथे १८०२ मध्ये मुक्तांबाळ छत्र उभारले. राजघराण्याच्या अशा छत्रांतून वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना उपचार आणि मुलांना शिक्षण मिळत असे. ज्या परिसरात देवळाचा कलश हा श्रद्धेचा विषय आहे, तेथे कलशाविषयीची अफवा लोकांच्या मनात सहज घर करते.

विज्ञानाच्या कसोटीवर मात्र या अफवेतील एकही विधान टिकत नाही. तांब्याचा अणुक्रमांक २९ आणि इरिडियमचा ७७ आहे. विजेच्या लोळाने एका मूलद्रव्याचे असे दुसरे मूलद्रव्य होत नाही. निसर्गात आढळणारे इरिडियम हे इरिडियम-१९१ आणि इरिडियम-१९३ या दोन स्थिर समस्थानिकांचे मिश्रण असते, म्हणजे ते मुळात किरणोत्सारी नसते. किरणोत्सारी इरिडियम-१९२ हे अणुभट्टीत तयार केले जाते. धातूंच्या जोडांची तपासणी आणि कर्करोगावरील उपचार यांसाठी त्याचा उपयोग होतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ७४ दिवसांचे असते. दोन वर्षांत त्याची किरणोत्सारिता एक हजारांशाच्या आसपास उतरते. त्यामुळे ‘शेकडो वर्षांपूर्वीचे किरणोत्सारी इरिडियम’ हा शब्दप्रयोगच परस्परविरोधी आहे. तांदूळ ओढून घेणारी कोणतीही धातू विज्ञानाला ज्ञात नाही.

भीतीचा उपयोग

सामान्य खरेदीत ग्राहक वस्तू हाताळतो, तोलतो, दुसऱ्या दुकानात दाखवतो. किरणोत्सारी म्हणून सांगितलेल्या वस्तूबाबत विक्रेता नेमके हेच टाळतो. ‘जवळ जाऊ नका, जीवाला धोका आहे’ असे सांगून पेटी बंदच ठेवली जाते आणि तपासणीसाठी विक्रेत्याचाच ‘शास्त्रज्ञ’ बोलावला जातो. दिल्ली पोलिसांनी मे २०१८ मध्ये उघडकीस आणलेल्या प्रकरणात एका पिता-पुत्राने ‘राइस पुलर’ नावाचे तांब्याचे उपकरण अमेरिकेच्या नासा संस्थेला विकून देण्याचे आमिष दाखवले होते. किरणोत्सारापासून संरक्षण देणारे पोशाख, रसायने आणि तज्ज्ञांचे शुल्क अशी कारणे पुढे करून एका व्यावसायिकाकडून टप्प्याटप्प्याने सुमारे १ कोटी ४३ लाख रुपये उकळण्यात आले होते. या प्रकारात वस्तू विकली जाण्याची गरजच नसते. चाचणीचा खर्च हाच खरा व्यवहार असतो.

गणिताची कसोटी

बिहारमधील गोपालगंज येथे ऑगस्ट २०२४ मध्ये पोलिसांनी तिघांकडून ५० ग्रॅम ‘कॅलिफोर्नियम’ जप्त केल्याचे सांगितले. त्याची किंमत ८५० कोटी रुपये असल्याच्या बातम्या देशभर प्रसिद्ध झाल्या. आरोपींजवळ मद्रास येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या नावाचा चाचणी अहवाल मिळाल्याचेही त्या वेळी सांगण्यात आले.

हा दावा प्रयोगशाळेत जाण्यापूर्वीच तपासता येतो. व्यवहारात वापरले जाणारे कॅलिफोर्नियम-२५२ हे मानवनिर्मित असून त्याचे अर्धायुष्य सुमारे २.६५ वर्षे असते. अमेरिकेतील ओक रिज आणि रशियातील दिमित्रोवग्राद येथे त्याची निर्मिती होते आणि तिचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये मोजले जाते. त्याचा एक मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, दर सेकंदाला सुमारे २३ लाख न्यूट्रॉन बाहेर टाकतो. या हिशेबाने ५० ग्रॅममधून दर सेकंदाला सुमारे ११५ लाख कोटी न्यूट्रॉन बाहेर पडतील आणि सुमारे दोन किलोवॉट उष्णता निर्माण होईल. असा तुकडा पिशवीत घालून रस्त्याने नेणारी व्यक्ती पोलिस ठाण्यापर्यंत जिवंत पोहोचणार नाही. साध्या दगडासारखा थंड, हातात धरता येणारा ५० ग्रॅमचा तुकडा कॅलिफोर्नियम-२५२ असू शकत नाही, हे या गणितावरून स्पष्ट होते.

अशाच प्रकारे अर्धायुष्यावरून कागदपत्रांची पडताळणी करता येते. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे. १०० किलोबेकरेल क्षमतेचा स्रोत सुमारे साडेदहा वर्षांनंतर २५ किलोबेकरेलवर येतो. जुन्या तारखेचे प्रमाणपत्र दाखवून तीच क्षमता आजही कायम असल्याचे कोणी सांगत असेल, तर प्रमाणपत्र किंवा नमुना यांपैकी एक नक्कीच खोटा असतो.

गायगर गणित्राची मर्यादा

नमुन्याजवळ धरताच गायगर गणित्र टकटक करू लागले की नमुना खरा, असा सर्वसाधारण समज आहे. हे उपकरण किरणोत्सार आहे एवढेच सांगते. तो कोणत्या मूलद्रव्याचा आहे हे सांगत नाही. काही ग्रॅनाइट दगड, रेडियमचा लेप असलेल्या जुन्या घड्याळांच्या तबकड्या, थोरियमयुक्त गॅसबत्तीच्या जाळ्या आणि तमिळनाडू व केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळू या सर्वांमुळे गणित्रातील आकडा वाढतो. अशी एखादी वस्तू पेटीच्या तळाशी ठेवली तर कोणताही दगड ‘किरणोत्सारी’ भासू शकतो. उलटपक्षी, केवळ अल्फा कण टाकणारा पदार्थ आवरणात बंद असेल तर साधे गणित्र जवळपास शांत राहू शकते. शिवाय प्रत्येक ठिकाणी नैसर्गिक पार्श्वभूमी किरणोत्सार असतोच. तो आधी मोजून वजा केल्याशिवाय कोणत्याही आकड्याला अर्थ नसतो.

प्रयोगशाळेत ओळख कशी पटते?

मूलद्रव्याची ओळख पटवण्याची प्रमुख पद्धत म्हणजे गॅमा वर्णपटमापन. प्रत्येक गॅमा-उत्सर्जक समस्थानिक ठरावीक ऊर्जेचे किरण बाहेर टाकतो आणि या ऊर्जा बोटांच्या ठशांसारख्या असतात. सीझियम-१३७ मुळे ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टची, कोबाल्ट-६० मुळे ११७३ व १३३२ ची, तर अमेरिशियम-२४१ मुळे सुमारे ६० ची रेषा दिसते. युरेनियम-२३५ ची १८६ च्या जवळील रेषा आणि युरेनियम-२३८ च्या वंशजाची १००१ ची रेषा यांच्या तुलनेवरून युरेनियम नैसर्गिक, समृद्ध की क्षीण, हे तपासता येते. थोरियमच्या साखळीची खूण २६१४ च्या रेषेने पटते. यासाठी सोडियम आयोडाइडचे किंवा अधिक अचूकतेसाठी अतिशुद्ध जर्मेनियमचे शोधक वापरले जातात.

घनतेवरूनही काही अंदाज बांधता येतो. युरेनियम धातूची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १९ ग्रॅम, तर शिशाची ११.३ असते. शुद्ध युरेनियमचा सात किलोंचा गोळा अर्ध्या लिटरच्या भांड्यात मावतो. मात्र टंगस्टनची घनता जवळपास युरेनियमइतकीच असल्याने ही कसोटी एकटी पुरेशी ठरत नाही. क्ष-किरण प्रतिदीप्ती पद्धतीने मूलद्रव्य कळते, पण त्याचा समस्थानिक कळत नाही. म्हणूनच प्रयोगशाळा एकाहून अधिक पद्धतींचे निष्कर्ष जुळवून पाहतात. बंद स्रोताच्या बाबतीत त्याचा पृष्ठभाग पुसून गळती आहे का, हेही तपासले जाते.

अधिकृत खरेदीचा मार्ग

महाविद्यालये, रुग्णालये आणि उद्योग यांना किरणोत्सारी स्रोत रीतसर मिळू शकतात. अणुऊर्जा विभागाच्या विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळातर्फे, म्हणजे ‘ब्रिट’तर्फे, असे स्रोत पुरवले जातात. त्यांच्या वापरावर १९८३ मध्ये स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियंत्रण असते. अधिकृत स्रोतासोबत समस्थानिकाचे नाव, अनुक्रमांक, क्षमता आणि ती क्षमता कोणत्या तारखेची आहे, ही माहिती असते. मात्र कागद हातात असणे म्हणजे पडताळणी नव्हे. अहवाल ज्या संस्थेच्या नावाने आहे, त्या संस्थेशी विक्रेत्याने दिलेल्या क्रमांकावरून नव्हे तर स्वतंत्रपणे संपर्क साधून तो तिनेच दिला आहे काय, याची खातरजमा करणे आवश्यक असते.

कागद हरवले तर खऱ्या स्रोताचे काय होते, हे दिल्लीतील मायापुरी येथे एप्रिल २०१० मध्ये दिसून आले. दिल्ली विद्यापीठाने १९६८ मध्ये कॅनडाहून आणलेले आणि १९८५ पासून वापरात नसलेले गॅमा उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. ते तोडताना त्यातील कोबाल्ट-६० उघडे पडले. एका कामगाराचा मृत्यू झाला, तर अन्य सात जणांना किरणोत्साराची बाधा झाली. विकत घेतलेली वस्तू किरणोत्सारी आहे, याची कल्पनाच घेणाऱ्यांना नव्हती.

संशय आल्यास काय करावे?

ओरत्तनाडुसारख्या तालुक्याच्या गावी असो वा महाराष्ट्रातील एखाद्या खेड्यात, संशयास्पद पदार्थ आढळल्यास तो हाताळू, फोडू किंवा घासू नये. त्याच्यापासून दूर जावे, इतरांनाही दूर ठेवावे आणि पोलिसांना कळवावे. पोलिस व जिल्हा प्रशासनामार्फत अणुऊर्जा विभागाच्या तज्ज्ञांना पाचारण करता येते. विभागाची प्रमुख केंद्रे मुंबईत तुर्भे येथे आणि तमिळनाडूत कल्पाक्कम येथे आहेत. अणुखनिजांचा शोध घेणाऱ्या संचालनालयाचे मुख्यालय हैदराबादला असून त्याचे एक प्रादेशिक कार्यालय नागपूरला आहे. किरणोत्सारी पदार्थांच्या वाहतुकीलाही नियम लागू असल्याने नागरिकांनी असा नमुना बस वा रेल्वेने स्वतः तपासणीस नेऊ नये.

विक्रीचा प्रस्ताव आल्यास पहिला प्रश्न ‘हा पदार्थ खरा आहे काय’ हा नसून ‘तो विकण्याचा परवाना कोठे आहे’ हा असावा. परवाना दाखवता येत नसेल, तर पदार्थ खरा असो वा खोटा, व्यवहार तेथेच थांबवणे हिताचे ठरते.