कपकेक

कपकेक हा कपाएवढ्या लहान साच्यात भाजलेला, एका व्यक्तीला पुरेल असा केक होय. मैदा, साखर, लोणी किंवा तेल आणि अंडी किंवा दही हे त्याचे मुख्य घटक असून वर बहुधा आयसिंगची सजावट असते. सुरी न लावता वाटता येत असल्याने मुलांच्या वाढदिवसाला तो विशेष सोयीचा ठरतो. ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत तो घरी केला जातो, तसाच घरगुती व्यावसायिकांकडूनही मागवला जातो. खाडीकाठच्या या परिसरातील दमट हवेत कोणते काम आदल्या दिवशी उरकावे आणि कोणते शेवटच्या तासांसाठी राखावे, यावरच कपकेकचे यश बरेचसे अवलंबून असते.

नाव आणि पूर्वपीठिका

अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ (१७९६) या पुस्तकात लहान कपांत भाजायच्या केकची कृती आढळते. ‘कप केक’ हे नाव एलायझा लेस्ली यांच्या १८२८ सालच्या पाककृतिसंग्रहात येते. त्या काळी या नावाला दोन अर्थ होते : कपात भाजलेला केक आणि वजनाऐवजी कपाने साहित्य मोजून केलेला केक. मराठी स्वयंपाकघरात ही दोन्ही कामे वाटी करते. कोकणातील सांदण वाटीच्या मापाने होते आणि वाटीतच उकडले जाते. सांदणाला कपकेकचा पूर्वज म्हणणे अर्थातच ओढूनताणून होईल. परंतु एकेकाला एकेक वाटी ही कल्पना मराठी घरांना परकी नव्हती, एवढे खरे.

मुंबईच्या इराणी बेकऱ्यांतील मावा केक हा कपकेकचा अधिक जवळचा नातलग आहे. ग्रँट रोड स्थानकाजवळची, १९१४ साली सुरू झालेली मेरवान ही बेकरी त्यासाठी प्रसिद्ध आहे. मावा केकवर आयसिंग नसते. सजवलेल्या कपकेकची आजची लोकप्रियता न्यूयॉर्कमध्ये १९९६ साली उघडलेल्या मॅग्नोलिया बेकरीसारख्या दुकानांमुळे वाढली आणि पुढे ती भारतीय शहरांत पोहोचली. मराठीत या पदार्थाला वेगळा प्रतिशब्द रुजला नाही.

कृती आणि तिच्यामागील रसायन

या भागात अंड्याविना कपकेकला मोठी मागणी असते. अंडे केकला बांधून ठेवते आणि फुगवतेही; ते वगळल्यास ही कामे दही, सोडा आणि बेकिंग पावडर यांच्याकडून करून घ्यावी लागतात. सुमारे बारा कपकेकसाठी २४० मिलिलिटरच्या मापाने दीड कप मैदा, एक कप घट्ट दही, पाऊण कप साखर, अर्धा कप तेल, सव्वा लहान चमचा बेकिंग पावडर, अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा आणि एक लहान चमचा व्हॅनिला अर्क पुरतो. दही आणि साखर फेटून त्यात सोडा व बेकिंग पावडर घालतात. पाचेक मिनिटांत मिश्रणावर बुडबुडे दिसू लागले की तेल, व्हॅनिला आणि शेवटी चाळलेला मैदा हलक्या हाताने मिसळतात. साचे दोन तृतीयांश भरून १८० अंश सेल्सिअसला १८ ते २२ मिनिटे भाजतात.

दह्यातील आम्लाशी सोड्याचा संयोग होताच कार्बन डायऑक्साइड वायू सुटू लागतो आणि तो मिश्रण फुगवतो. म्हणूनच मिश्रण रात्री करून ठेवून सकाळी भाजणे हा बेत फसतो. वायू रात्रीतच निघून जातो. लहान ओटीजीमध्ये सहा साच्यांचा एकच ट्रे मावतो. अशा वेळी सगळे मिश्रण एकदम न करता निम्मे निम्मे करणे श्रेयस्कर, नाहीतर दुसरी खेप बसकी होते. ओव्हन नसल्यास कुकरची शिट्टी आणि रबरी रिंग काढून, तळाशी मीठ किंवा वाळू पसरून, त्यावर जाळी ठेवून भाजण्याची जुनी पद्धत आजही उपयोगी पडते. दोन हजारच्या दशकात महाराष्ट्रात भारनियमन होत असे. विजेवर अवलंबून नसलेला कुकर तेव्हा अनेक घरांत उपयोगी पडला.

पूर्वतयारी

फोंडंटची फुले, अंक, अक्षरे अशी सुकी सजावट दोन-तीन दिवस आधी करून हवाबंद डब्यात ठेवता येते. केक आदल्या दिवशी भाजावेत. ते पूर्ण निवण्यापूर्वी डब्यात भरल्यास वाफेचे पाणी होते, कागदी कप ओले होऊन केकपासून सुटतात आणि वरचा भाग चिकट होतो. निवायला दीड-दोन तास द्यावेत. पावसाळ्यात पंख्याखाली, जाळीवर.

न सजवलेले केक रात्रभर फ्रिजमध्ये ठेवण्याची चूक सर्रास होते. मैद्यातील स्टार्च फ्रिजच्या तापमानाला लवकर कडक होतो, त्यामुळे केक ताजा राहण्याऐवजी लवकर शिळा लागतो. एक दिवसासाठी हवाबंद डबा पुरेसा आहे. अधिक दिवस ठेवायचे असल्यास गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवावेत. दुधाचे किंवा ताज्या फळांचे सारण भरले असेल तर मात्र फ्रिजला पर्याय नाही.

सजावट

लोण्याचे आयसिंग ३० अंशांच्या पुढे मऊ पडू लागते आणि ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान लोणी वितळते. मे महिन्यात कल्याण-डोंबिवलीचे दुपारचे तापमान याहून अधिक असते. आयसिंगला बिनमिठाचे लोणी लागते. घरच्या लोण्यात पाण्याचा अंश जास्त असल्याने त्याचे आयसिंग फाटण्याचा संभव असतो. ‘फ्रेश क्रीम’ म्हणून मिळणाऱ्या सुमारे २५ टक्के स्निग्धांशाच्या क्रीमला, कितीही फेटले तरी, टिकाऊ घट्टपणा येत नाही. त्यासाठी साधारण ३० टक्के किंवा अधिक स्निग्धांश हवा. वनस्पती तेलापासून केलेले क्रीम उष्म्यात अधिक काळ टिकते, म्हणून घरगुती व्यावसायिक ते पसंत करतात. चवीत ते दुधाच्या क्रीमच्या पासंगालाही पुरत नाही. क्रीमची सजावट कार्यक्रमाच्या तीन-चार तास आधी करून कपकेक फ्रिजमध्ये ठेवावेत आणि उन्हाळ्यात तासाभरापेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नयेत. फोंडंट लावलेले कपकेक दमट हवेत फ्रिजबाहेर काढले की त्यांना पाणी सुटते आणि रंग ओघळतात.

साखरेच्या सजावटीची स्वतंत्र मराठी परंपरा हलव्याच्या दागिन्यांत दिसते. बोरन्हाणासाठी केलेल्या कपकेकवर हलव्याचे दाणे लावणे सुंदर दिसते. परंतु कडक दाणे, साखरेचे मोठे मणी आणि दातकोरणीवर टोचलेली चित्रे चार वर्षांखालील मुलांच्या घशात अडकू शकतात. खरी फुले वापरण्याचा मोहही टाळावा. कल्याणच्या कृषी उत्पन्न बाजार समितीच्या फुलबाजारात येणारी फुले पूजेसाठी आणि हारांसाठी असतात, खाण्यासाठी नव्हे. शिवाय कण्हेरीसारखी काही फुले विषारी असतात.

पाहुण्या मुलांचा आहार

एकाच इमारतीतील पंधरा-वीस मुले जमतात, तेव्हा त्यांत अंडे न खाणारी, जैन, श्रावण पाळणाऱ्या घरांतली आणि ॲलर्जी असलेली मुले असू शकतात. ‘एगलेस’ म्हणजे सर्वांना चालणारे, असा समज आढळतो; तो चुकीचा आहे. मार्शमॅलो आणि काही चकचकीत सजावटींमध्ये प्राणिजन्य जिलेटिन असते. दूध, गहू, शेंगदाणे, काजू किंवा बदाम यांची ॲलर्जी असलेल्या मुलाला अंड्याविना कपकेकही धोक्याचा ठरू शकतो, आणि तीव्र ॲलर्जीत अल्पांशही पुरतो. अशा मुलाचा कपकेक आधी, स्वच्छ भांड्यांत करून वेगळ्या डब्यात नावानिशी ठेवावा. तो इतरांसारखाच सजवलेला असावा, कारण पंगतीत वेगळी बशी मिळाल्याचे दुःख मूल पटकन विसरत नाही. बेकिंग पावडरचा इतिहासही येथे आठवावा : इंग्लंडमधील आल्फ्रेड बर्ड यांनी ती १८४३ मध्ये, यीस्ट न सोसणाऱ्या पत्नीसाठी तयार केली होती.

औक्षणानंतर मेणबत्ती विझवण्याची पद्धत अनेक मराठी घरांत आहे. अमेरिकेतील क्लेमसन विद्यापीठाच्या २०१७ च्या अभ्यासात फुंकर मारल्यावर आयसिंगवरील जिवाणू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. कपकेक असल्यास मेणबत्ती एकावरच लावता येते आणि तो उत्सवमूर्तीलाच देता येतो.

विक्री आणि कायदा

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ नुसार घरातून खाद्यपदार्थ विकणाऱ्यालाही नोंदणी आवश्यक असून नोंदणी क्रमांक १४ अंकी असतो. वेष्टनबंद मालावर शाकाहारी पदार्थासाठी हिरवे वर्तुळ आणि मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी त्रिकोण छापावा लागतो. या नियमांत अंडे मांसाहारात मोडते. दूध, गहू, अंडी, शेंगदाणे, सुकामेवा आणि सोया यांचा अंश असल्यास तसा स्पष्ट उल्लेख करावा लागतो. टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो ४ आर, एरिथ्रोसिन, ब्रिलियंट ब्लू, इंडिगो कार्माइन आणि फास्ट ग्रीन हे आठ कृत्रिम रंग ठराविक मर्यादेत वापरण्यास परवानगी आहे. मेटानिल यलो आणि ऱ्होडामिन बी यांना अन्नात बंदी आहे. सुट्या पुड्यांतील, नाव नसलेला रंग यांपैकी कोणता हे ग्राहकाला कळू शकत नाही. त्यामुळे केवळ नाव आणि परवाना क्रमांक छापलेलीच बाटली घ्यावी.