पाऊल आणि घोट्याची उपकरणे : पैसा एकीकडे, गरज दुसरीकडे

मानवी पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. उभे राहताना व चालताना शरीराचा सारा भार याच लहानशा रचनेवर पडतो. तरीही अस्थिरोगशास्त्रात दीर्घकाळ मान मिळाला तो गुडघा आणि खुब्याला. पाऊल व घोटा हा भाग काहीसा उपेक्षितच राहिला. गेल्या दोन दशकांत हे चित्र पालटले असून, या अवयवासाठी लागणाऱ्या वैद्यकीय उपकरणांची स्वतंत्र आणि वाढती बाजारपेठ उभी राहिली आहे. मात्र या बाजारपेठेतील पैसा ज्या वस्तूंभोवती फिरतो, त्या वस्तू आणि भारतातील बहुसंख्य रुग्णांना लागणाऱ्या वस्तू यांत मोठे अंतर आहे.

उपकरणांचे तीन गट

या उपकरणांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिल्या गटात शस्त्रक्रियेद्वारे शरीरात बसवायच्या वस्तू येतात. मोडलेली हाडे जोडणाऱ्या धातूच्या प्लेट, स्क्रू व तारा आणि झिजलेल्या सांध्याच्या जागी बसवायचा कृत्रिम घोटा ही त्याची उदाहरणे. दुसऱ्या गटात बाहेरून आधार देणारी साधने मोडतात. घोट्याचे पट्टे, स्प्लिंट, कॅलिपर, बुटात घालायचे विशेष तळवे आणि वैद्यकीय पादत्राणे यांचा त्यात समावेश होतो. तिसरा गट कृत्रिम पावलांचा.

कंपन्यांची चढाओढ

जागतिक पातळीवर चुरस आहे ती पहिल्या गटात. अमेरिकेतील स्ट्रायकर कंपनीने २०२० मध्ये राइट मेडिकल ही या क्षेत्रातील अग्रगण्य कंपनी सुमारे चार अब्ज डॉलर मोजून ताब्यात घेतली. या व्यवहारामुळे कृत्रिम घोट्याच्या बाजारात मक्तेदारी निर्माण होईल, अशी शंका आल्याने तेथील स्पर्धा नियामकाने स्ट्रायकरला आपला ‘स्टार’ नावाचा घोटा दुसऱ्या कंपनीला विकण्यास भाग पाडले. २०२५ मध्ये झिमर बायोमेटने केवळ पाऊल व घोट्याची उपकरणे बनविणारी पॅरागॉन २८ ही कंपनी एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली.

कृत्रिम घोट्याची वाटचाल सोपी नव्हती. १९७० च्या दशकातील पहिले प्रयत्न फसले. बसविलेले भाग लवकर सैल होत आणि अखेर सांध्याची हाडे एकमेकांना कायमची जोडून टाकावी लागत. या शस्त्रक्रियेने वेदना थांबते, परंतु घोट्याची हालचाल संपते. डेन्मार्कचे शल्यविशारद हाकोन कोफोड यांनी विकसित केलेल्या ‘स्टार’ला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली ती २००९ मध्ये. घोट्याची झीज गुडघ्याप्रमाणे प्रामुख्याने वयोमानाने होत नाही. जुना अपघात किंवा अस्थिभंग हे तिचे मुख्य कारण असते. त्यामुळे रुग्ण तुलनेने तरुण असतो आणि कृत्रिम सांधा किती वर्षे टिकेल, हा प्रश्न अधिक टोकदार बनतो.

पुणे ते जयपूर

कृत्रिम पावलाच्या क्षेत्रात भारताचे योगदान लक्षणीय आहे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबर व लाकूड वापरून ‘जयपूर फूट’ साकारले. पाश्चात्त्य पद्धतीचे कृत्रिम पाऊल बुटाशिवाय वापरणे कठीण होते. जयपूर फूट लावून अनवाणी चालता येते, मांडी घालता येते, उकिडवे बसता येते आणि शेतातील चिखलातही उतरता येते. या कार्यासाठी डॉ. सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९७५ मध्ये डी. आर. मेहता यांनी स्थापन केलेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने हे पाऊल गरजूंपर्यंत विनामूल्य पोहोचविले.

कुष्ठरोगाकडून मधुमेहाकडे

दुसरा धडा कुष्ठरोगाने दिला. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप ‘झडत’ नाहीत. संवेदना हरपल्याने टोचलेला काटा किंवा बसलेला चटका कळत नाही आणि दुर्लक्षित जखमांमुळे बोटे गमवावी लागतात. यातूनच मऊ, सच्छिद्र रबराच्या तळव्याच्या एमसीआर चपलांचा प्रसार झाला.

आज हाच अनुभव मधुमेहींच्या उपयोगी पडत आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंना इजा होते, रक्तपुरवठा घटतो, लहानशी जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापण्याची वेळ येते. हे टाळण्यासाठी लागणारी साधने साधी आहेत. दहा ग्रॅम दाब देणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून संवेदना तपासता येते. मऊ तळव्याच्या चपला दाब सर्वत्र विभागतात. जखम झाल्यास पायाच्या आकारानुसार घातलेले विशेष प्लॅस्टर तेथील भार हलका करते. यातील कोणत्याही वस्तूत अब्जावधी डॉलरचा नफा नाही आणि म्हणूनच त्यांचा गाजावाजाही होत नाही.

वाकडे पाऊल, साधा ब्रेस

जन्मजात वाकड्या पावलाचे, म्हणजे क्लबफूटचेही असेच. सुमारे हजार जन्मांमागे एका बालकात आढळणारा हा दोष अमेरिकेतील आयोवा येथील डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांच्या पद्धतीने बहुतांश वेळा मोठ्या शस्त्रक्रियेविना दुरुस्त होतो. दर आठवड्याला बदलले जाणारे प्लॅस्टर, गरजेनुसार टाचेमागील कंडरेवर छोटा छेद आणि त्यानंतर दांडीने जोडलेल्या बुटांचा ब्रेस असा हा क्रम. पहिले तीन महिने ब्रेस जवळपास दिवसभर आणि पुढे चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावा लागतो. पालकांनी तो मध्येच सोडला, तर पाऊल पुन्हा वाकडे होण्याचा धोका असतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे.

नियम, किंमत आणि रुग्ण

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ अन्वये उपकरणांची जोखमीनुसार ए ते डी अशी वर्गवारी होते. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. तथापि तो निर्णय गुडघ्यापुरताच होता. त्यामुळे पाऊल वा घोट्याची शस्त्रक्रिया करून घेणाऱ्याने बसवायच्या वस्तूचे नाव, उत्पादक आणि किंमत आधीच विचारून घेणे आणि वेष्टनावरील लेबल कागदपत्रांत जपून ठेवणे हिताचे ठरते.

मधुमेहींनी वर्षातून किमान एकदा पायांची संवेदना व रक्तपुरवठा तपासून घ्यावा, अनवाणी चालणे टाळावे आणि रोज तळवे पाहावेत, असे डॉक्टर सांगतात. ‘डायबेटिक’ अशी पाटी लावून विकली जाणारी प्रत्येक चप्पल उपयुक्त असतेच असे नाही. पुढे पुरेशी रुंद, आत शिवण न टोचणारी आणि मागे पट्टा असलेली चप्पल निवडावी. पायावर व्रण किंवा व्यंग असल्यास ती माप देऊनच करून घ्यावी. वेळेवर मिळालेली अशी चप्पल आणि एक धागा यांच्या बळावर अनेकांचे पाय वाचू शकतात. बाजारपेठेच्या वाढीबरोबर या साधनांची उपलब्धता प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत वाढते का, यावरच त्या वाढीचे खरे मोल ठरेल.