भुजास्थिभंग, खांद्यालगतचा : प्लेट-शस्त्रक्रिया
दंडाचे हाड (भुजास्थी) खांद्याच्या सांध्याजवळ मोडल्यास तुकडे धातूच्या पट्टीने व स्क्रूंनी जोडण्याची शस्त्रक्रिया. बोलीत ‘प्लेट टाकणे’. म्हातारपणी हाडे ठिसूळ झालेली बाई ओट्यावरून पडली, की हे हाड अनेकदा मोडते. तरुणांत कारण बहुधा मोटारसायकल.

शल्यविशारद नीर यांच्या १९७० च्या वर्गीकरणानुसार तुकडा १ सेंमी.हून अधिक सरकला किंवा ४५ अंशांहून अधिक कलला, तर तो विस्थापित. शस्त्रक्रियेत खांद्यावरच्या डेल्टॉइड व छातीच्या स्नायूंमधल्या फटीतून हाडापर्यंत पोहोचतात. पट्टीच्या भोकांना आटे असतात. स्क्रूचे डोके त्यांतच घट्ट बसते, म्हणून ठिसूळ हाडातही पकड टिकते. तरी स्क्रू सांध्यात घुसणे किंवा रक्तपुरवठा तुटून हाडाचा गोल मरणे, हे धोके उरतातच.

प्लेट सर्वांनाच लागते, हा समज चुकीचा. २०१५ च्या ब्रिटिश ‘प्रॉफर’ चाचणीत विस्थापित भंगांतही दोन वर्षांनंतर शस्त्रक्रिया आणि हात झोळीत ठेवणे यांच्या गुणात लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र हाडवैद्याकडे चोळून घेऊ नये. आधी एक्स-रे काढावा.