सेकंदाच्या हजाराव्या भागातला वर्णभेद

तुम्ही वर्णद्वेष्टे आहात काय, या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देणारा माणूस विरळाच. ते उत्तर खोटे असेलच असे नाही. पुष्कळदा उत्तर देणाऱ्यालाच आपल्या मनाचा ठाव लागलेला नसतो. ही अडचण ओलांडण्यासाठी वॉशिंग्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अँथनी ग्रीनवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. तीत मत विचारले जात नाही, वेळ मोजली जाते. ‘इम्प्लिसिट असोसिएशन टेस्ट’ अर्थात ‘आयएटी’ या नावाने ती ओळखली जाते.

तिच्यामागील तर्क पत्त्यांच्या उदाहरणाने चटकन उमगतो. बदाम-चौकट एकीकडे आणि इस्पिक-किलवर दुसरीकडे लावायचे असल्यास हात भराभर चालतो, कारण रंग एक. बदामाबरोबर इस्पिक आणि चौकटबरोबर किलवर अशी विभागणी सांगितली, की तोच हात अडखळतो. आयएटीमध्ये पत्त्यांऐवजी संगणकाच्या पडद्यावर गोऱ्या व कृष्णवर्णीय व्यक्तींचे चेहरे आणि चांगल्या-वाईट अर्थाचे शब्द येत राहतात. एका फेरीत गोरा चेहरा व चांगला शब्द यांना एकच कळ, कृष्णवर्णीय चेहरा व वाईट शब्द यांना दुसरी. पुढे जोड्यांची अदलाबदल होते. दोन्ही फेऱ्यांना लागलेल्या वेळेतील फरक म्हणजे सुप्त कलाचे माप.

या संशोधनाचा दुसरा आधारस्तंभ मूळच्या भारतीय. हार्वर्ड विद्यापीठातील प्रा. महझरीन बानाजी यांचा जन्म सिकंदराबादच्या पारशी कुटुंबातला. दिल्लीहून घरी परतताना त्यांनी सामाजिक मानसशास्त्रावरील पाच खंडांचा संच अगदी स्वस्तात विकत घेतला आणि त्या वाचनाने त्यांची वाट बदलली. बानाजी आणि ग्रीनवाल्ड यांच्या ‘ब्लाइंडस्पॉट’ या २०१३ च्या पुस्तकानुसार, वर्णविषयक चाचणी देणाऱ्या सुमारे तीन चतुर्थांश अमेरिकनांचा कल गोऱ्यांकडे झुकलेला आढळला. स्वतः बानाजींचाही.

पुढे ही संकल्पना प्रयोगशाळेबाहेर पडली. फिलाडेल्फियातील स्टारबक्सच्या दुकानात दोन कृष्णवर्णीय पुरुषांना अटक झाल्यानंतर २९ मे २०१८ रोजी कंपनीने अमेरिकेतील आठ हजारांहून अधिक दुकाने दुपारपासून बंद ठेवून कर्मचाऱ्यांना पूर्वग्रहाविषयी प्रशिक्षण दिले.

मात्र ज्या मापावर एवढी भिस्त, ते कितपत भरवशाचे? त्याच व्यक्तीने काही दिवसांनी चाचणी पुन्हा दिली, तर दोन निकालांतील सहसंबंध जेमतेम ०.५ भरतो, पूर्ण मेळ म्हणजे १. वजनकाटा असा वागला तर वाणी तो फेकून देईल. वर्तनाशी असलेले नाते त्याहून क्षीण. ग्रीनवाल्ड यांच्या २००९ च्या आढाव्यात वर्णविषयक आयएटीसाठी ते ०.२४ च्या आसपास होते. फ्रेडरिक ऑस्वाल्ड व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ते सुमारे ०.१५ असल्याचे दाखविले. ४९२ अभ्यासांचा २०१९ मधील आढावा अधिक बोचरा ठरला. चाचणीतील गुण बदलता येतात, पण त्यामुळे वागणे बदलल्याचा पुरावा मिळत नाही, असे त्यात आढळले. एखाद्या व्यक्तीवर शिक्का मारण्यासाठी ही चाचणी वापरू नये, असे तिचे जनकही सांगतात. नोकरभरतीत वा न्यायालयात उमेदवाराचे, पंचाचे मन जोखण्यास ती म्हणूनच अयोग्य ठरते.

तरीही ती निकामी नाही. व्यक्तीचे गुण डळमळीत असले तरी मोठ्या समूहाची सरासरी बरीच स्थिर राहते. कीथ पेन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेकडील कौंट्यांची तपासणी केली. १८६० मध्ये जेथे लोकसंख्येत गुलामांचे प्रमाण अधिक होते, तेथील आजच्या गोऱ्या रहिवाशांत गोऱ्यांकडे झुकणारा सुप्त कल अधिक आढळला. गुलामगिरी १८६५ मध्येच संपुष्टात आली होती.