दुसऱ्या संगणकाचा हक्क

जुना संगणक मोडीत निघाला म्हणून पैसे मोजून घेतलेले सॉफ्टवेअर नव्यावर चढवायला जावे, तर पुन्हा पैसे का मागितले जातात? याचे उत्तर बहुतेक जण परवान्याच्या बारीक अक्षरांत शोधतात. गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास मात्र वेगळेच सांगतो. खरेदीचा पुरावा कशात ठेवला आहे आणि ती वस्तू कोणाच्या ताब्यात आहे, यावरच ग्राहकाची मोकळीक ठरत आली. कलमे मागाहून त्याला जुळवून घेतली गेली. १९८३ साली आलेल्या लोटस १-२-३ चा पुरावा फ्लॉपीत होता. फ्लॉपीवर नक्कल न होणारी एक खूण असे आणि ती ड्राइव्हमध्ये असल्याखेरीज हिशेबाचा तक्ता उघडत नसे. फ्लॉपी घेऊन कोणत्याही यंत्रापाशी बसा, आडकाठी नव्हती. हार्ड डिस्क रुळल्यावर अडचण सुरू झाली. काही प्रोग्राम हार्ड डिस्कवर चढताना मूळ फ्लॉपीवर नोंदलेल्या मोजक्या परवानग्यांपैकी एक वजा करत आणि नीट उतरवून घेतल्यावर ती परत जमा करत. उतरवण्याआधीच डिस्क बंद पडली, तर ती परवानगी बुडाली.

त्याच १९८३ साली बोर्लंडने टर्बो पास्कल हे प्रोग्राम लिहिण्याचे सॉफ्टवेअर ४९.९५ डॉलरना आणि कुलपाविना बाजारात आणले. दशकाच्या मध्यापर्यंत या कंपनीच्या परवान्यातली भूमिका सरळ होती: सॉफ्टवेअर पुस्तकासारखे वापरा, हव्या त्या संगणकावर न्या, कोणालाही वापरू द्या, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी ते चालता कामा नये. पुस्तकाची प्रत निघायला श्रम पडतात, प्रोग्रामची क्षणात निघते, मग ही तुलना लंगडी नाही का, असा आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. १९७६ मध्येच बिल गेट्स यांनी हौशी संगणकवाल्यांना जाहीर पत्र लिहून, तुमच्यातले बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरतात, अशी तक्रार केली होती. पण बोर्लंडची अट नेमकी त्याच भीतीवर बेतलेली होती. तिने बंदी घातली ती एकाच वेळच्या दुहेरी वापरावर. यंत्र बदलण्याला तिची हरकत नव्हती. या दोन गोष्टींची गल्लत पुढच्या काळात झाली, आणि माझ्या मते ती विक्रेत्यांच्या सोयीची होती.

ग्राहकांनी सर्वाधिक शिव्या घातल्या त्या डोंगलला. मराठी अक्षरजुळणी करणाऱ्या डीटीपीच्या दुकानांतही ते परिचयाचे होते. संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टात हा ठोकळा बसे आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीला जोडली जाई. हरवला तर काम ठप्प. तरीही मालकीच्या दृष्टीने यासारखे प्रामाणिक कुलूप दुसरे नाही. सॉफ्टवेअर दहा यंत्रांवर चढवून ठेवा, चालेल तिथेच जिथे ठोकळा आहे. बोर्लंडची अट इथे कागदाशिवाय पाळली जात होती.

२००१ च्या विंडोज एक्सपीने पुरावा यंत्राच्या अंगावर नेला. सुट्या भागांवरून संगणकाची ओळख बनवायची आणि ती कंपनीच्या नोंदीशी जुळवायची. भाग फार बदलले, तर फोनवर ५० आकडे वाचून दाखवायचे आणि उलट मिळालेले ४२ आकडे टाइप करायचे. दुकानातून सुटी घेतलेली प्रत दुसऱ्या यंत्रावर नेता येई. संगणकाबरोबर स्वस्तात आलेली त्याच यंत्राबरोबर संपे. स्वस्त मिळाले म्हणून बांधलेले, हा युक्तिवाद एकवेळ मान्य करता येईल. पण मुळात विकलेच नाही, नुसता परवाना दिला, हे म्हणणे भारतात तरी टिकायला कठीण आहे. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सीडी-फ्लॉपीवरचे तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ ठरवून त्यावरचा विक्रीकर मान्य केला. कर भरताना माल आणि यंत्र बदलताना परवाना, हे गणित ग्राहकाला कसे पटावे? प्रताधिकार कायद्यातही १९९९ च्या दुरुस्तीपासून, स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून व्यक्तिगत, बिगर-व्यापारी वापरासाठी प्रत करणे हे उल्लंघन धरले जात नाही.

मात्र कायदा प्रत करू देतो, ती सुरू करून देत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ॲडोबीने क्रिएटिव्ह सूट २ ची नोंद तपासणारा सर्व्हर बंद केला. रीतसर पैसे भरलेल्यांनाही त्यानंतर ते नव्याने चढवता आले नसते, म्हणून कंपनीने तपासणी काढून टाकलेली प्रत आणि नवे क्रमांक संकेतस्थळावर ठेवले. मे २०१३ मध्ये तिने एकरकमी विक्रीच्या नव्या आवृत्त्या थांबवून वर्गणीचा रस्ता धरला. या वर्गणीत दोन संगणकांवर सॉफ्टवेअर चालू ठेवता येते, यंत्र कितीही वेळा बदलता येते, आणि वर्गणी थकली की दोन्हींवरचे बंद पडते.