म्हातारीला कळेल अशी पोथी

पैठण म्हटलं की आपल्याला नाथषष्ठी आठवते, नाहीतर पैठणी. पण एकनाथ महाराजांच्याही तीनशे वर्षं आधी, देवगिरीवर यादवांचं राज्य होतं तेव्हा, याच पैठणात चक्रधरस्वामी राहत होते. मूळचे गुजरातेतले, पण बोलायचे मराठीत. पुढे त्यांच्या मागे जो पंथ उभा राहिला, तो महानुभाव पंथ.

या पंथात सुरुवातीपासून बायका होत्या. पैठणच्या नागुबाई, म्हणजे बाइसा, स्वामींची सगळी व्यवस्था बघायच्या. महादाइसा होत्या. त्या हातचं काम सोडून नुसतं ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. शंका आली की विचारायच्या, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारायच्या. लग्नात म्हणायचे धवळे आपल्याला माहीत आहेत. महादाइसांनी रचलेले कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे आजही आहेत, आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून त्यांचंच नाव घेतात.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. पाळी आली की बाजूला बसायचं, हे तेव्हाही होतं. त्यावर चक्रधरांनी काय सांगितलं ते लीळाचरित्रात आहे. नाकातून शेंबूड येतो, कानात मळ होतो, डोळ्यांना चिपडं येतात, तसाच हा शरीराचा एक स्राव. येतो आणि थांबतो. त्याचा विटाळ मानू नये. साडेसातशे वर्षं झाली या बोलण्याला! आणि आपल्या गावांत अजूनही पोरी त्या दिवसांत लोणच्याच्या बरणीला हात लावत नाहीत. धर्मात असं सांगितलंय, म्हणतात. कोणत्या धर्मात, असं विचारायची सोय महादाइसांना होती, ती आपल्याला का नसावी?

पण सगळंच गोड नव्हतं, तेही सांगायला हवं. याच पंथाच्या सूत्रांत संन्याशांना बाईपासून लांब राहायला सांगितलं आहे, अगदी चित्रातल्या बाईकडेही बघू नये म्हणून. बाईला शिष्य करायचं आणि बाईचं भयही बाळगायचं, दोन्ही एकाच पंथात. आम्हाला हे खटकतं.

स्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं. ज्यांनी ज्यांनी पाहिलं-ऐकलं होतं, त्यांच्याकडे जाऊन, विचारून विचारून आठवणी गोळा केल्या. त्यात बायकांच्याही आठवणी होत्या. पुढे धामधुमीत मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांच्या पाठांतरातून ती पुन्हा उभी राहिली त्यांत हिराइसा नावाची बाई होती, असं पंथात सांगतात.

एकदा केशिराजबास नावाचे पंडित संस्कृतात ग्रंथ करू लागले. आचार्य नागदेवांनी अडवलं. संस्कृतात लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या बायांना काही कळणार नाही, त्या नागवल्या जातील, असं त्यांचं म्हणणं.

आणि तरीही पुढे काय झालं? पंथाने पोथ्या सकळ लिपीत लिहायला सुरुवात केली. अक्षरांची अदलाबदल करून केलेली ती सांकेतिक लिपी, किल्ली नसेल तर वाचता येत नाही. बाहेरच्यांपासून जपण्यासाठी केली असेल, पण ज्या म्हातारीसाठी संस्कृत नको म्हटलं, तिच्या नातींच्या हातूनही पोथी गेलीच. कितीतरी शतकं ती मठाच्या कपाटात राहिली. 1910च्या सुमारास इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी त्या लिपीचा उलगडा केला, आणि मग हळूहळू हे ग्रंथ छापून बाहेर आले.

आता लीळाचरित्र विकत मिळतं. भाषा जुनी आहे, पण वाटतं तितकी अवघड नाही. त्यात ‘निघाले’ला ‘निगाले’ म्हणतात. कॉलेजात शिकणाऱ्या मुली तिथे अडखळतात. गटातल्या वयस्क बाया मात्र अडत नाहीत, त्या घरी अजून तसंच बोलतात.